आधीचा माणूस

नोकरीची जाहिरात दाखवली की लोक पगार विचारतात, कंपनी कुठली ते विचारतात, फार तर ऑफिस घरापासून किती लांब ते विचारतात. आमच्या शेजारच्या गद्रेकाकू विचारायच्या, "आधीचा कुठे गेला?"

"आधीचा कोण, काकू?"

"त्या खुर्चीतला. जागा रिकामी आहे म्हणतायत ना? म्हणजे कुणीतरी उठलं असणार. ते कुठे गेलं?"

आणि विचारताना बघायच्या अशा, की जणू त्या माणसाला आपणच कुठेतरी पुरून आलो आहोत.

आम्ही कोलकात्याला आलो ते मेधाच्या बदलीमुळे. मेधा माझी बायको, बँकेत अधिकारी. मी पुण्यात एका निर्यात कंपनीत कागदपत्रांचा विभाग सांभाळत होतो. ‘एवढं मोठं शहर, महिन्याभरात लागेल काहीतरी’ असं म्हणून मी राजीनामा दिला. त्या महिन्याला आता आठ महिने होत आले होते. सकाळी मेधा डबा घेऊन निघायची, मी दारात उभा राहून हात हलवायचो, आणि खालच्या मजल्यावरच्या बॅनर्जीबाई माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायच्या.

भवानीपुरातल्या त्या जुन्या इमारतीत सामान चढवताना तिसऱ्या मजल्यावर ‘गद्रे’ अशी देवनागरीतली पितळी पाटी दिसली होती. मेधाला इतकं हायसं वाटलं की कढीपत्त्याची कुंडी खाली ठेवून तिने आधी बेलच वाजवली. दार उघडलं ते सत्तरीच्या, ठेंगण्या, सुती बंगाली साडी नेसलेल्या काकूंनी. पायात कॅनव्हासचे बूट. घरातसुद्धा. "कधी निघावं लागेल सांगता येत नाही," असं त्यांनी न विचारताच सांगितलं. कोलकात्यात चाळीस वर्षं काढलेली. मराठी अजून थेट सदाशिव पेठेतलं, पण मध्येच एखादं ‘शोनो’, म्हणजे ‘ऐक’, सटकन यायचं. गद्रेकाका जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या कप चहाला मी ‘तुम्ही’चा ‘तू’ झालो होतो.

काकूंनी सव्वीस वर्षं एस्प्लनेडला एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या काउंटरवर छोट्या जाहिराती घेण्याचं काम केलं होतं. त्यातही ‘पाहिजेत’चा रकाना त्यांच्याकडे.

"लोक त्याला पाहिजेतची जाहिरात म्हणतात," काकू म्हणायच्या. "ती निधनवार्ता असते. फक्त नाव छापत नाहीत."

मजकूर न वाचता त्यांना कळायचं म्हणे. नवी जागा निघाली असेल तर आलेला माणूस काउंटरला रेलून गप्पा मारायचा. आधीचा भांडून गेला असेल तर कागद समोर टाकायचा. आणि कुणी वारलं असेल तर कागद हातात देताना त्यांच्याकडे न बघता बाहेर रस्त्याकडे बघायचा. निवृत्तीनंतर या ज्ञानाचं काय करायचं, हा प्रश्न काकूंनी इमारतीतल्या आणि गल्लीतल्या बेकार लोकांचे अर्ज लिहून सोडवला होता.

माझे अर्ज त्यांनी पहिल्याच आठवड्यात मागून घेतले. मी हे अर्ज संगणकाकडून करून घ्यायचो. त्याला एका बाजूने कंपनीची जाहिरात भरवायची, दुसऱ्या बाजूने आपली माहिती. तो दोन्ही कालवून त्या कंपनीच्या मापाचा अर्ज काढून देतो. मला त्याचा अभिमान होता. काकूंनी चष्मा कपाळावर चढवून एक अर्ज मोठ्याने वाचला. ‘आपल्या संस्थेच्या मूल्यांशी मी मनापासून एकरूप झालो आहे.’

"मूल्यं कुठली रे यांची?"

मी म्हटलं, त्यांच्या वेबसाइटवर आहेत.

"हा अर्ज तू इमारतीला लिहिलायस," त्या म्हणाल्या. "अर्ज खुर्चीला लिहायचा असतो."

त्याचा अर्थ मला बॅनर्जीबाईंनी समजावला. त्यांच्या मुलीला एका शाळेत भूगोलाची शिक्षिका व्हायचं होतं. वर्षभरात तीन शिक्षिका त्या जागेवरून गेल्या होत्या. काकू शाळेबाहेर चार दिवस फुटपाथवर बसल्या, शिपायाबरोबर मुडी, म्हणजे कुरमुरे, खाल्ली, आणि शोध लावला की मुख्याध्यापिकेची मांजर भूगोलाच्या खुर्चीवर झोपते आणि तिला उठवायची कुणाची प्राज्ञा नाही. काकूंनी मुलीच्या अर्जात एकच वाक्य जास्तीचं घातलं: ‘मी तासभर उभी राहूनच शिकवते.’ मुलगी अजून त्या शाळेत आहे. मांजरही आहे.

दुसरी गोष्ट आमच्या इलेक्ट्रिशियनच्या मेव्हण्याची. उत्तर कोलकात्यातल्या एका जुन्या घरात एका अंध म्हाताऱ्या गृहस्थांना रोज पेपर वाचून दाखवायला माणूस हवा होता. एकामागून एक चौघे आले आणि आठवड्याभरात हाकलले गेले. त्यांच्या आधीच्या माणसाने अठरा वर्षं वाचून दाखवलं होतं. तो वारला होता. काकू त्याच्या घरी जाऊन आल्या आणि मेव्हण्याला म्हणाल्या, दर दोन बातम्यांनंतर खोकायचं. कोरडा खोकला, दोनदा. मेव्हण्याला वाटलं बाई फिरली. पण तिसऱ्या बातमीआधी त्याने खोकून दाखवलं, आणि ते म्हातारे गृहस्थ इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा उशीला टेकून बसले. म्हणाले, "आलास?"

मेव्हण्याची नोकरी चालू आहे. तो आता घरीही खोकतो. डॉक्टरला दाखवलं, छातीत काही नाही.

हे ऐकून मी हसलो होतो. माझं हसणं थांबलं ते एका दुपारी.

काकूंची जेवणाची खोली आणि आमची झोपायची खोली यांच्यात एकच भिंत. दुपारी तीनच्या सुमाराला पलीकडून त्यांचा आवाज यायचा. त्या काहीतरी विचारायच्या. मग शांतता. मग "बरं." मग पुढचा प्रश्न. मला वाटायचं, फोनवर बोलत असतील. त्या दिवशी त्यांची वाटी परत द्यायला गेलो तर दार लोटलेलंच होतं. काकू टेबलाशी वही उघडून बसल्या होत्या. समोरची खुर्ची कुणी बसल्यावर असते तशी जरा तिरकी ओढलेली, तिच्यापुढे कपात चहा, चहावर वाफ. खुर्चीत कुणी नव्हतं.

"थांब जरा," काकू वर न बघता म्हणाल्या. "ते बोलतायत."

कोण, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी थांबलो. वाटी धरून चांगला मिनिटभर थांबलो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्या खुर्चीतल्या गृहस्थांचं बोलणं मध्येच तोडणं बरं दिसणार नाही, असं मला मनापासून वाटत होतं.

रात्री जेवताना मी मेधाला सांगितलं. ती म्हणाली की बाई एकट्या आहेत, बोलत असतील, त्यात काय. मग म्हणाली, "पण तू कुजबुजतोयस कशाला?"

त्यानंतर पंधरा दिवसांनी माझी जाहिरात आली. एस्प्लनेडजवळची एक जुनी कंपनी. जहाजातून येणारा माल भिजला, फुटला, कुजला तर तो तपासून दाखले देणारी. त्यांना जुने कागद नीट लावून संगणकावर आणायला अनुभवी माणूस हवा होता. माझ्याच कामाची जागा. मी काकूंचा प्रश्न अडवायला आधीच कंपनीत फोन करून विचारून ठेवलं होतं, की ही जागा नवी आहे, आधी कुणी नव्हतं.

काकूंनी जाहिरात वाचली. "‘शांत स्वभावाचा’ लिहिलंय. नव्या जागेला कुणी स्वभाव लिहीत नाही रे. हा कुणाचा तरी स्वभाव आहे."

तीन दिवस त्या बूट घालून एस्प्लनेडला जात राहिल्या. चौथ्या दिवशी माझ्या समोर बसून त्यांनी सगळं सांगितलं. ते त्यांना त्या इमारतीच्या लिफ्टवाल्याकडून कळलं होतं. खुर्ची सान्यालबाबूंची. चौतीस वर्षं. गेली दोन वर्षं त्यांचं विसरणं वाढत गेलं. एक दिवस ते लिफ्टमध्ये शिरले आणि कितवा मजला ते त्यांना सांगता येईना. लिफ्टवाल्याने काही न विचारता तिसऱ्यावर नेऊन सोडलं. पुढे सहा महिने तो त्यांना तसाच नेत होता, कुणाला बोलला नाही. मग ऑफिसात कळलं. कंपनीची माणसं वाईट नव्हती; शाल दिली, हार घातला, गाडीने घरी पोचवलं. ते घर सोदपूरला, सियालदह स्टेशनहून गाडीने अर्ध्या तासावर.

"उद्या जायचं," काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, काकू, आजारी माणसाकडे जाऊन काय करायचं? त्यांना काय आठवणार?

"त्यांना काय आठवत नाही ते घरच्यांना विचार. काय आठवतं ते खुर्चीला विचारायला हवं."

दुपारच्या गाडीने गेलो. सान्यालांची मुलगी रूमा घरी होती. काकूंनी तिला आधीच फोन केला होता. काय सांगितलं होतं कोण जाणे, तिने आम्हाला आत घेतलं खरं, पण तिच्या डोळ्यांत शंका होती. तिने दारातच हळू आवाजात सांगितलं की बाबा तिचं नावही विसरतात, पण रोज साडेआठला शर्ट-पँट, बूट घालून, खिशाला पेन लावून तयार होतात आणि पिशवी मांडीवर घेऊन बसून राहतात. संध्याकाळपर्यंत. बूट काढायला गेलं की रागावतात.

आतल्या खोलीत ते तसेच बसले होते. गोरे, कृश, भांग व्यवस्थित. खोलीत त्यांच्यासमोर काहीच नव्हतं, नुसती पांढरी भिंत, पण ते पुढे टेबल असल्यासारखे बसले होते. कोपरं हवेत, टेबलाच्या उंचीवर. आमची चाहूल लागल्यावर त्यांनी मान वळवली. काकूंकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं, आणि हिंदीत म्हणाले, "उशीर केलात."

मी नकळत ‘सॉरी’ म्हणालो. काकू मात्र जणू हेच ऐकायला आल्या होत्या.

"हे तुमच्या जागी आलेत," त्या म्हणाल्या. "चार्ज घ्यायला."

जुन्या ऑफिसांतून माणूस बदलला की आधीचा नव्याला किल्ल्या, याद्या, कामाच्या खाचाखोचा सगळं समजावून देतो, आणि शेवटी दोघे कागदावर सही करतात. त्याला चार्ज देणं म्हणतात. सान्यालबाबू उठले. त्यांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. खुर्ची गरम होती. ते शेजारी उभे राहिले आणि बोलायला लागले.

दोन तास बोलले. हिंदी, बंगाली, इंग्रजी, जे तोंडाला येईल त्यात. समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून त्यांनी मला कपाटं दाखवली. पहिलं, दुसरं, तिसरं. तिसऱ्यातले कागद तारखेने लावलेले नाहीत, जहाजाच्या नावाने आहेत. ते बदलू नका, सगळं ऑफिस त्या नावांनीच विचार करतं. हिरव्या दोऱ्याची रजिस्टरं पावसाळ्यात उघडू नका, शाई पसरते. साहेबांना तोंडावर नाही म्हणायचं नाही. ‘देखछी’ म्हणायचं, म्हणजे बघतो, आणि नाही दुसऱ्या दिवशी सांगायचं. खिडकीकडे पाठ करून बसा, तोंड करून बसलात तर दिवसभर ट्राम बघत राहाल. मी वहीत लिहून घेत होतो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी वहीत बघून परत वर बघतो तेव्हा बरोबर ते बोट दाखवतायत त्याच जागी बघतोय, आणि भिंतीवर मला दुसऱ्या कपाटाचं मोडकं हँडल जवळजवळ दिसतंय.

रूमा दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता.

शेवटी काकूंनी पिशवीतून कागद काढला. त्यावर त्यांनी आधीच बंगालीत लिहून आणलं होतं की काम समजावून दिलं आणि घेतलं. सान्यालबाबूंनी तो पूर्ण वाचला, सही केली, माझी घेतली. मग पेनचं टोपण लावलं, आणि एकदम त्यांना काय करावं कळेना. हात नुसते लोंबत राहिले.

"आता मी कुठे जाऊ?" त्यांनी विचारलं.

"आता घरी जा," काकू म्हणाल्या.

"घरी." त्यांनी खोलीत सगळीकडे बघितलं. आत्ताच बाहेरून आलेला माणूस बघतो तसं. मग पलंगाच्या कडेवर बसले आणि खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागले. चार वाजले होते. रूमा आत गेली आणि त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली.

परतीच्या गाडीत मी काकूंवर चिडलो. नोकरी न मिळता चार्ज घेतलेला मी जगातला एकमेव माणूस होतो. मी म्हटलं की ही एका आजारी माणसाची फसवणूक आहे, आणि उद्या मला तिथे कुणी उभंसुद्धा केलं नाही तर आपण त्यांना काय तोंड दाखवणार.

"म्हणून तर आता तुला ती जागा मिळायला हवी," काकू म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. सहीचा तो कागद त्या मांडीवर पुन्हा पुन्हा उलगडत होत्या आणि घडी घालत होत्या. त्यांनाही भीती वाटत होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी रूमाचा फोन आला. वडील साडेआठला तयार झाले नाहीत. लुंगीवर बसून राहिले, दोनदा चहा मागितला.

अर्ज अर्ध्या पानाचा झाला. काकू मराठीत सांगत गेल्या, मी इंग्रजीत लिहिलं. एकही विशेषण नाही. तुमचे कागद जहाजाच्या नावाने आहेत. ते मला समजेपर्यंत मी त्यांचा क्रम बदलणार नाही. जुन्या शाईची रजिस्टरं मी पावसाळ्यानंतर उघडीन. संगणकावरही शोधायची सोय आधी नावाने करीन, तारखेने नंतर. माझा अनुभव शेवटच्या दोन ओळींत. सहा दिवसांनी बोलावणं आलं.

तिसऱ्या मजल्यावर मी लिफ्टमधून उतरलो. मजला मी सांगितला नव्हता, हे मला नंतर आठवलं. मालक चौधुरीसाहेब साठीचे, जाड चष्म्याचे. माझा अर्ज त्यांनी समोर ठेवला होता. शिपायाने माझ्यापुढे चहा ठेवला. बिनसाखरेचा. मी दोन चमचे साखर घेणारा माणूस; तो मी मुकाट्याने पिऊन टाकला. साहेबांनी विचारलं की सगळे कागद तीन महिन्यांत संगणकावर येतील का. येणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं.

"देखछी," मी म्हणालो.

साहेबांनी चष्मा काढला. दारातला शिपाई थबकला.

"आप पहले यहाँ काम कर चुके हैं?"

मला राहवलं नाही. मी सगळं खरं सांगितलं. गद्रेकाकू, सोदपूर, पांढरी भिंत, दोन तास. खिशातून तो सहीचा कागद काढून पुढे केला. आता हाकलणार, याची खात्रीच होती. साहेब त्या सहीकडे बघत राहिले. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"हमने उनसे चार्ज लिया ही नहीं. किसी को सूझा ही नहीं."

पुढच्या सोमवारपासून मी कामाला लागलो. खिडकीकडे पाठ करून बसतो. दुसऱ्या कपाटाचं हँडल खरंच मोडकं आहे. मेधा म्हणते, मी हल्ली झोपेत ‘देखछी’ म्हणतो आणि चहात साखर घालू देत नाही. सान्यालबाबूंना मी महिन्यातून एकदा भेटून येतो. ते मला ओळखत नाहीत, पण मी आलो की समाधानाने मान हलवतात.

काकूंना पेढे नेले तेव्हा त्यांनी अर्धा खाल्ला आणि दुसऱ्या कुणाची तरी जाहिरात वाचायला घेतली. माझ्यातला त्यांचा रस संपला होता. मला जरा वाईटच वाटलं.

मग पावसाळ्याच्या आधी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. शनिवारी सकाळी मेधाला ऑफिस होतं, म्हणून डोळ्यांत औषध घालायला मी बसलो होतो. काकू काळा चष्मा लावून पलंगावर टेकल्या होत्या. अकराच्या सुमाराला टेलिफोन वाजला.

"उचल रे," त्या म्हणाल्या, आणि नकळत केस सारखे केले.

पलीकडे एक वयस्कर बंगाली आवाज होता, जरा घाईत असलेला. मॅडम आहेत का, जरा अडलंय. गद्रेसाहेबांच्या हातचं पितळी झडपांचं रजिस्टर कुठे सापडत नाहीये. ऑडिटची माणसं येऊन बसली आहेत. त्याच्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

गद्रेकाकांना जाऊन वीस वर्षांवर झाली होती. मी रिसीव्हर काकूंच्या हातात दिला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बंगालीत, काउंटरवरच्या बाईच्या आवाजात, म्हणाल्या की डावं कपाट, खालून दुसरा कप्पा, वर पाना आणि जुना टॉवेल असेल तो बाजूला करायचा. फोन कानाला लावून त्या थांबल्या. मीही थांबलो. पलीकडे दुसरी शिट्टी झाली. "मिळालं? बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"हालदार होता," त्या म्हणाल्या. "यांच्या जागी आलेला."

गद्रेकाका हावड्याच्या एका कारखान्यात भांडारप्रमुख होते. दुपारी डबा खाताना खुर्चीतच गेले. तेराव्यानंतर काकू पुन्हा कामावर रुजू झाल्या, त्या आठवड्यात कारखान्याचा माणूस काउंटरवर जाहिरात घेऊन आला. तो काकूंना ओळखत नव्हता. रस्त्याकडे बघत होता.

"मीच घेतली," काकू म्हणाल्या. "‘तातडीने पाहिजे’ लिहिलं होतं. मी ‘तातडीने’ खोडलं. बाकी जसं होतं तसं छापायला दिलं."

हालदार रुजू झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा घरी फोन आला. भांडारात कशाचा पत्ता लागेना. काकूंना सगळं ठाऊक होतं. काका रोज रात्री जेवताना भांडाराबद्दलच बोलायचे, आणि काकूंना वाटायचं की आपण ऐकत नाही. हालदार विचारत गेला, त्या सांगत गेल्या. सुरुवातीला रोज, मग आठवड्याला, मग असा कधीतरी शनिवारी.

मी विचारलं, कारखाना कुठे आहे हा?

"बंद पडून दहा वर्षं झाली. तिथे आता मोठ्या इमारती आहेत. हालदारही रिटायर झाला, इथेच बेहाला भागात राहतो." त्यांनी काळ्या चष्म्याखालून हलकेच डोळा टिपला. डॉक्टरने पाणी लावू नका म्हणून सांगितलं होतं. "यांना चार्ज देता आला नाही ना रे. मीच देतेय. थोडा थोडा."

"आणि हालदारांना माहीत आहे? म्हणजे, कारखाना बंद पडल्याचं तुम्हाला माहीत आहे हे?"

काकूंनी काळा चष्मा नाकावर सारखा केला. मग म्हणाल्या, की मागच्या हिवाळ्यात हालदारचे प्रश्न संपले असावेत. कारण त्याने असं एक रजिस्टर विचारलं, जे यांनी कधी ठेवलंच नव्हतं. लाकडी पेट्यांचं. त्या भांडारात लाकडी पेट्याच नव्हत्या.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, खिडकीजवळच्या फडताळात बघ. चांगली दोन मिनिटं तो शोधत होता. मग म्हणाला, मिळालं मॅडम. धूळ फार होती."